'म्हणे' कुठे गळतं? छात्राध्यापकांच्या गतकाळकथा वाचताना

इतिहास शिकवायला निघालेल्या माणसाचे पदवीचे गुण पाहिले जातात, त्याला सनावळी विचारली जाते, पुढे त्याची पाठ टाचणं (पाठांची लेखी आखणी) तपासली जातात. भूतकाळ ही काय चीज आहे असं त्याला स्वतःला वाटतं, याची चौकशी सहसा होत नाही. सरळ विचारूनही फारसं हाती लागत नाही. 'इतिहास म्हणजे काय' या प्रश्नाचं तयार उत्तर प्रत्येकाजवळ असतंच: एक व्याख्या, दोन विचारवंतांची नावं आणि वस्तुनिष्ठतेवर एक परिच्छेद. तोच छात्राध्यापक, म्हणजे प्रशिक्षण घेणारा भावी शिक्षक, आपल्या आजीचं शिक्षण का सुटलं किंवा घराण्याची जमीन कशी गेली हे लिहायला बसला, की व्याख्या बाजूला राहते आणि खरी समजूत क्रियापदांतून, सर्वनामांतून, उभयान्वयी अव्ययांतून झिरपायला लागते.

म्हणून प्रशिक्षणाच्या आरंभी आणि अखेरीस अशी एकेक गतकाळकथा प्रत्येकाकडून लिहून घ्यावी, तिला गुण देऊ नयेत, आणि ती भावनेसाठी किंवा शैलीसाठी न वाचता रचनेसाठी वाचावी, असं आमचं मत आहे. 'आत्मचिंतन' या नावाखाली सध्या जे लिहून घेतलं जातं त्याचा इथे उपयोग नाही. त्यात 'मला खूप शिकायला मिळालं' या वाक्याचीच वेगवेगळी रूपं असतात.

ही कथा हवी कशाला, याचं उत्तर शिक्षणाचे समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी 1975मध्ये केलेल्या एका हिशेबात आहे. शालेय शिक्षण संपेपर्यंत एका विद्यार्थ्यानं सुमारे 13,000 तास शिक्षकांच्या समोर बसून काढलेले असतात, असं त्यांनी मांडलं. शिक्षक होऊ पाहणारा माणूस या तासांत शिक्षकाचं काम फक्त समोरून पाहतो. टाचण, निवड, शंका, रद्द केलेलं उदाहरण यांतलं काही त्याला दिसत नाही. इतिहासाच्या बाबतीत या तासांच्या जोडीला घरात, मिरवणुकीत, स्मारकापुढे, पडद्यावर ऐकलेला भूतकाळही असतो. प्रशिक्षण येतं ते या सगळ्या साठ्यावर. साठ्यात काय आहे ते न पाहता नवी पद्धत शिकवली, तर छात्राध्यापक पद्धतीचे शब्द उचलतो आणि शिकवतो जुनंच.

माहिती आणि समज या वेगळ्या गोष्टी आहेत हे इतिहास-शिक्षणाचे अभ्यासक सॅम वाइनबर्ग यांच्या 1991च्या अभ्यासातून पुढे आलं. त्यांनी 8 इतिहासकार आणि 8 शालेय विद्यार्थ्यांसमोर अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या, 1775च्या लेक्सिंग्टनच्या चकमकीची कागदपत्रं ठेवली आणि वाचताना मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगितलं. सगळ्याच इतिहासकारांचा तो विषय नव्हता. निव्वळ तपशिलाच्या प्रश्नांत काही विद्यार्थी एखाद्या इतिहासकाराच्या तोडीस तोड निघाले. फरक वाचण्यात पडला. इतिहासकार आधी हे कुणी लिहिलं, कधी, कशासाठी ते पाहत आणि मग मजकुराकडे वळत. विद्यार्थी वरून खाली वाचत जात. लिहिणारा कोण, हा प्रश्न न पडणं ही सवय आहे, अज्ञान नव्हे. ती सवय माणसाच्या स्वतःच्या कथेतही तशीच उतरते, म्हणून ती तिथे पकडता येते.

आता लिहून कसं घ्यायचं. वेळ 60 मिनिटं, लांबी 600 ते 800 शब्द, हाताशी पुस्तक किंवा फोन नाही. विषय असा: 'तुमच्या जन्माआधी घडलेली, घरात किंवा परिसरात सांगितली जाणारी एक घटना लिहा. ती कशी घडली आणि त्यानंतर काय बदललं?' 'जन्माआधी' ही अट महत्त्वाची आहे. स्वतः अनुभवलेली गोष्ट दिली की माणूस साक्षीदार होतो, आणि साक्षीदाराला 'तुला हे कसं ठाऊक' असं विचारावं लागत नाही. जन्माआधीची गोष्ट म्हटलं की प्रत्येक वाक्य कुणाकडून तरी आलेलं असतं. लिहिणारा ते कबूल करतो की नाही, हे पाहण्यासारखं असतं. प्रश्नात 'प्रेरणा', 'अभिमान', 'वारसा', 'शिकवण' यांपैकी एकही शब्द येऊ देऊ नये. 'प्रेरणादायी घटना लिहा' म्हटलं की 40 जणांच्या 40 कथा एकाच साच्यातून निघतात, आणि तो साचा प्रश्नकर्त्याचा असतो. कथा दुखरी असू शकते, म्हणून पर्याय हवा: घरातली नको असेल तर रस्त्याची, शाळेची, कारखान्याची, झाडाची घटना चालेल, आणि वर्गात वाचून दाखवण्याची सक्ती कधीही नसेल. कच्चं पान आणि खोडलेल्या ओळीही जमा करून घ्याव्यात. खोडलेलं वाक्य पुष्कळदा ठेवलेल्या वाक्यापेक्षा जास्त बोलतं.

वाचायला चार रंगांच्या पेन्सिली पुरतात. एका कथेला पहिल्या वाचनात साधारण 20 मिनिटं लागतात. 40 जणांची तुकडी असेल तर 800 मिनिटं, म्हणजे 13 तास 20 मिनिटं. दोन वाचक असले तर तेवढेच तास प्रत्येकाचे. हा वेळ वेळापत्रकात आधीच राखून ठेवला नाही तर काय होतं ते उघड आहे: कथा चाळल्या जातात, खाली 'छान' लिहिलं जातं आणि गठ्ठा कपाटात जातो.

पहिला रंग कर्त्यासाठी. मराठीनं इथे वाचकाची मोठी सोय करून ठेवली आहे. भूतकाळातल्या बहुतेक सकर्मक क्रियापदांच्या तृतीयपुरुषी कर्त्याला 'ने' किंवा 'नी' लागतो, म्हणजे करणारा वाक्यात असेल तर त्याच्यावर शिक्का असतो. तो शिक्का शोधायचा. 'जमीन गेली', 'घर मोडलं', 'शाळा सुटली', 'वस्ती उठली' अशी वाक्यं कथेत ओळीनं आली, तर हा माणूस भूतकाळाकडे हवामानासारखा पाहतो. गोष्टी होतात, कुणी करत नाही. जमीन कोर्टानं जप्त केली, भावानं विकली की सरकारनं रस्त्यासाठी घेतली, या तीन वाक्यांचे तीन वेगळे इतिहास होतात आणि 'जमीन गेली' त्या तिघांवर पांघरूण घालतं. उलटाही दोष असतो. कथेत 'नी' लागणारा एकच माणूस आहे आणि बाकी सगळे त्याच्यासाठी किंवा त्याच्याविरुद्ध उभे आहेत. असा छात्राध्यापक पुढे वर्गात युद्ध शिकवतो तेव्हा ते दोन माणसांचं भांडण होतं, आणि करवसुली, धान्य, रस्ते, रोगराई हे सगळं 'इतर कारणे' या मुद्द्यात जातं.

दुसरा रंग काळासाठी, आणि यात रीतिभूतकाळ आधी हेरावा. 'लोक एकमेकांना धरून राहत असत', 'बायका उंबरठ्याबाहेर पडत नसत', 'सगळे एकत्र जेवत'. व्याकरणात हे बिनचूक आहे. इतिहासात घात करणारं आहे. 'असत' म्हटलं की कधीपासून, कधीपर्यंत, सगळे की काही, हे तिन्ही प्रश्न एका झटक्यात निकालात निघतात. 'पूर्वी', 'त्या काळी', 'जुन्या जमान्यात' या शब्दांना सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. कथेत रीतिभूतकाळ असूच नये असं नाही. रोजच्या जगण्याचं वर्णन त्याशिवाय होत नाही. पण आख्खी कथा 'असत'मध्ये असेल आणि 'एके वर्षी', 'त्या पावसाळ्यात', 'लढाई संपल्यावर' अशी वळणं नसतील, तर लिहिणाऱ्याच्या मनातला भूतकाळ म्हणजे एक स्थिर चित्र आहे. त्यात बदल घडत नाही. एक दिवस ते चित्र काढून त्या जागी 'आजकाल' टांगलं जातं, एवढंच.

तिसरा रंग कारणांसाठी. 'मग' आणि 'म्हणून' वेगळे मोजावेत. 'मग' क्रम सांगतं, 'म्हणून' कारण सांगतं. आणि नवख्या लेखनात 'मग'च्या जागी 'म्हणून' सहज बसतं. पाऊस पडला नाही, म्हणून ते शहरात गेले. सगळेच गेले का? शेजारचे का राहिले? असा शेजारी ज्या कथेत आहे तिथे 'तरीही', 'मात्र', 'असं असूनही' हे शब्द येतातच, आणि अनुभवी वाचक 'म्हणून'पेक्षा या शब्दांकडे जास्त आशेनं पाहतो. नियमाला न जुमानणारी गोष्ट लिहिणाऱ्याच्या नजरेत भरली, हे त्यावरून कळतं. याच रंगात 'च'सुद्धा अधोरेखित करावा. 'ते होणारच होतं', 'कधी ना कधी फुटायचंच होतं'. हा एकाक्षरी 'च' शक्यतांचे सगळे दरवाजे बंद करतो. ज्यांना ते घडताना पाहावं लागलं त्यांना पुढचं ठाऊक नव्हतं, हे विसरून लिहिलं की तो आपोआप लेखणीतून उतरतो.

चौथा रंग उगमासाठी. इथे एक छोटासा शब्द फार उपयोगी पडतो: 'म्हणे'. 'आजोबा म्हणे चालत आले.' बोलताना प्रत्येकजण हा शब्द वापरतो आणि त्यातून नकळत प्रामाणिकपणा पाळतो: मी पाहिलेलं नाही, ऐकलंय. लिहायला बसल्यावर हाच माणूस 'म्हणे' गाळतो, कारण शुद्धलेखनाच्या नावाखाली त्याला शाळेत ते बोली आणि ढिसाळ म्हणून गाळायला शिकवलेलं असतं. 'आजोबा चालत आले.' झालं, ऐकीव गोष्ट वस्तुस्थिती बनली. पाठ्यपुस्तकाची भाषाही नेमकी याच गळतीवर उभी असते. म्हणून कथेत 'म्हणे', 'सांगतात', 'आईच्या म्हणण्यानुसार', 'मावशी मात्र वेगळं सांगते' हे किती वेळा आलं ते मोजावं. शून्य आलं तर तो त्या माणसाचा एकट्याचा दोष नाही, पण प्रशिक्षणाचा आरंभ तिथूनच करावा लागतो. दोन सांगणारे आणि त्यांच्यातला मतभेद ज्या कथेत आहे, तो छात्राध्यापक साधनांची पडताळणी शिकायला अर्धा तयार आहे.

पाचवी खूण रंगाची नाही, समासात लिहायची आहे: 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही' ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतं, 'आपण' त्याला आत ओढतं. घराण्याची गोष्ट 'आम्ही'नं सुरू होते आणि मध्येच कुठेतरी, बहुधा संकटाच्या किंवा विजयाच्या वाक्याशी, 'आपण' होते. त्या सांध्यावर बोट ठेवावं. वर्गात 'आपण त्यांचा पराभव केला' असं बोलणारा शिक्षक 40 मुलांपैकी कुणाला 'त्यांच्या'त ढकलतोय, हे त्याला स्वतःला ठाऊक नसतं. त्याच्या कथेत ते आधीच दिसलेलं असतं.

मोजणी झाल्यावर कागदाच्या पट्टीवर कथेचा काळ मांडून पाहावा. सांस्कृतिक स्मृतीचे अभ्यासक यान आस्मान यांच्या मांडणीनुसार माणसामाणसांत बोलण्यातून टिकणारी स्मृती साधारण 80 ते 100 वर्षं, म्हणजे तीन-चार पिढ्या मागे जाते. त्यापलीकडे मूळपुरुष, स्थापना, देवाची आज्ञा अशा आरंभकथा असतात. आणि मधला पट्टा रिकामा. मौखिक परंपरेचे अभ्यासक यान व्हान्सिना यांनी या पोकळीला सरकती पोकळी म्हटलं, कारण पिढी पुढे सरकते तशी तीही सरकते. बहुतेक कथांच्या पट्टीवर ही पोकळी स्पष्ट उमटते. ती भरून काढायला लावू नये. ती दिसली पाहिजे, एवढंच. पोकळी दिसली की छात्राध्यापकाला कागदपत्रं कशासाठी लागतात हे एका पट्टीत समजतं. साधनांच्या वर्गीकरणाच्या तक्त्यातून ते समजत नाही.

कथेतल्या चुका लाल शाईनं दुरुस्त करण्याचा मोह टाळावा. इटलीतल्या तेर्नी शहरात 1949च्या मार्चमध्ये उत्तर अटलांटिक कराराविरुद्धच्या (नाटोविरुद्धच्या) निदर्शनात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण पोलाद कामगार पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. पुढे मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तिथल्या कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू 1953च्या सामूहिक कामगार कपातीच्या वेळच्या रस्त्यावरच्या लढ्यात नेऊन ठेवला. तारीख चुकली हे खरं. पण कपातीचा घाव त्या शहराच्या आयुष्यात मोठा होता आणि आठवणीनं मृत्यूला त्या घावाशेजारी जागा दिली. छात्राध्यापकाच्या कथेत घटना चुकीच्या वर्षी आली असेल, तर 'बरोबर वर्ष लिहा' ही सूचना अर्धवट आहे. आधी विचारावं: ती सरकून याच वर्षी का आली? वर्ष मग दुरुस्त करावंच. चुकीला अर्थ असतो म्हणून ती चूक राहत नाही असं नव्हे; हल्ली तसं म्हणण्याची जी फॅशन आहे, तिनं मौखिक इतिहासाचं भलं केलेलं नाही.

भूतकाळाकडे पाहण्याचे प्रकार ठरवायचे असतील तर जर्मन इतिहासकार यॉर्न ऱ्यूसेन यांची चार प्रकारांची चौकट हाताशी आहे. ती समजवायला त्यांनी स्कॉटलंडमधल्या कोल किल्ल्याच्या एका शिलालेखाचा दाखला घेतला. मॅक्लोनिच कुळातला कुणीही माणूस मध्यरात्री हातात माणसाचं डोकं घेऊन आला, तरी त्याला इथे आसरा मिळेल, असं वचन दगडावर आहे. समजा, वचन देणाऱ्या मॅक्लीन कुळातले तुम्ही आज तिथे राहता. रात्री मॅक्लोनिच कुळातला एकजण दार ठोठावतो, पोलीस मागे आहेत. वचन आहे म्हणून लपवणारा पारंपरिक. 'दिलेला शब्द पाळावा' हा सर्वकाळचा नियम त्यातून काढून लपवणारा दृष्टान्तपर. दगडावरचं खरं कशावरून, असं म्हणून नाकारणारा चिकित्सक. वचन देणारा काळ वेगळा होता, आज न्यायव्यवस्था आहे, तरी या माणसाची जबाबदारी मला टाळता येणार नाही, म्हणून त्याला वकील गाठून देणारा परिवर्तनशील.

चौकट उपयोगी आहे आणि धोकादायकही. ती शिडी म्हणून शिकवली की छात्राध्यापक वरच्या पायरीची भाषा दोन आठवड्यांत उचलतात; 'त्या काळाच्या संदर्भात पाहिलं पाहिजे' हे वाक्य प्रत्येक कथेच्या शेवटी येऊन बसतं आणि वरची सगळी कथा जशीच्या तशी राहते. म्हणून चौकट पहिल्या लेखनाआधी शिकवू नये. एकच माणूस घराबद्दल पारंपरिक, शत्रूबद्दल चिकित्सक आणि परीक्षेत परिवर्तनशील असू शकतो, हेही ध्यानात ठेवावं. शिक्का माणसावर मारायचा नसतो, परिच्छेदावर मारायचा असतो.

घरची कथा आणि देशाची कथा एकाच साच्यातून येतात का, हे पाहायला दुसऱ्या दिवशी 45 मिनिटांत आपल्या देशाचा इतिहास एका पानात लिहून घ्यावा. सामूहिक स्मृतीचे अभ्यासक जेम्स वर्च यांनी रशियन कथनांत असा साचा दाखवला: शांत जगणारे लोक, बाहेरून आलेला आक्रमक, जवळपास सर्वनाश, आणि एकट्याच्या बळावर विजय. शत्रूचं नाव बदलतं, सांगाडा राहतो, आणि 1939चा जर्मनीशी झालेला अनाक्रमण करार त्यात अडचण होऊन बसतो. जी घटना साच्यात बसत नाही तिचं काय केलं जातं, हे दोन्ही कथांत ताडून पाहण्यासारखं आहे. बहुतेकदा ती एका उपवाक्यात उरकलेली असते.

या सगळ्यावर एक आक्षेप जोरदार आहे. इतिहासाचं अर्थनिर्णयी स्वरूप ज्यांना नीट समजलेलं आहे असे शिक्षकही वर्गात अभ्यासक्रम संपवणं आणि वर्ग ताब्यात ठेवणं यापलीकडे जात नाहीत, असं इतिहास-शिक्षणाचे संशोधक कीथ बार्टन आणि लिंडा लेव्हस्टिक यांनी 2003मध्ये दाखवून दिलं; समजेपेक्षा शिकवण्यामागचा हेतू वजनदार ठरतो, असं त्यांचं म्हणणं. ते मान्य आहे. कथा चांगली निघाली म्हणजे पाठ चांगला होईल, असा दावा इथे नाही. पण कथेत अडलेली गोष्ट पाठात आपोआप सुटत नाही, इतकं तरी सराव पाठांना मागच्या बाकावर बसणारा कुणीही निरीक्षक सांगेल. आणि हेतूसुद्धा कथेच्या शेवटच्या चार ओळींत सापडतो: तिथे उपदेश आहे, तक्रार आहे की प्रश्न.

दुसरा धोका संस्थेकडून आहे. कुणाची मतं कशी, हे चाळण्यासाठी या कथा वापरल्या गेल्या तर पुढच्या तुकडीपासून एकही खरी कथा मिळणार नाही, आणि न मिळणंच योग्य. त्यामुळे प्रवेशासाठी, अंतर्गत गुणांसाठी, शिफारसपत्रासाठी कथेचा वापर नाही, हे लेखी द्यावं. कागदावर नावाऐवजी क्रमांक असावा आणि वाचणाऱ्या दोघांपैकी निदान एकजण छात्राध्यापकांच्या सराव पाठांचा निरीक्षक नसावा.

वाचून झाल्यावर अभिप्राय लिहू नये. तीन प्रश्न लिहून कथा परत करावी. हे कुणी केलं? हे तुम्हाला कुणाकडून कळलं? वेगळं काय होऊ शकलं असतं? मग कथेतलं एकच वाक्य निवडायला सांगावं आणि त्याच्यासाठी एक साधन आणायला सांगावं: फेरफाराचा उतारा, दाखला, छायाचित्राची मागची बाजू, वर्तमानपत्राचं कात्रण, वेगळी आठवण सांगणारा नातेवाईक. मुदत सहा आठवडे. कुणाकुणाला काहीच सापडत नाही. त्यानं काय शोधलं आणि ते का नव्हतं, हे लिहून आणावं. न सापडण्यालाही कारण असतं, आणि कुणाच्या कागदपत्रांची जपणूक होते व कुणाची होत नाही, हा धडा एरवी शिकवणं फार कठीण आहे.

यानंतर पाठ टाचण त्याच पेन्सिलींनी वाचावं. ज्याच्या कथेत 'जमीन गेली' होतं त्याच्या टाचणात 'साम्राज्याचा ऱ्हास झाला' असतं. ज्याच्या कथेत 'च' होता त्याच्या टाचणात 'अपरिहार्य' असतं, आणि ज्याचं 'म्हणे' गळलं त्याच्या उताऱ्यांखाली लेखकाचं नाव नसतं. हे दोन कागद शेजारी ठेवले की बोलावं फार कमी लागतं.

अखेरची कथा त्याच विषयावर, त्याच 60 मिनिटांत लिहून घ्यावी, पहिली समोर न ठेवता. ती अधिक लांब किंवा अधिक शास्त्रीय वाटावी अशी अपेक्षा ठेवू नये. काहींची लहान होते, कारण खात्री नसलेली वाक्यं ते सोडून देतात. तुलना आकड्यांचीच करावी: 'नी' किती वाढले, 'च' किती उरले, सांगणारे एकाचे दोन झाले का. दोन्ही कथा आणि कच्ची पानं मग छात्राध्यापकाच्या हाती द्यावीत. संस्थेकडे फक्त क्रमांकांचा मोजणीचा तक्ता राहावा.